काळ्या कोटावरचं भोक

वकिलांचा काळा कोट परत द्यायच्या आधी झटकला आणि इस्त्रीवाल्या काकू जागच्या जागी थिजल्या. कोटाच्या पाठीवर भोक होतं. मसुराएवढं, कडा करपलेल्या, आणि एका बाजूला बारीकशी शेपटी, कुणी विडी घासून विझवावी तशी.

काकूंनी कोट उजेडात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. भोक तिथंच. आदल्या आठवड्यात शाळेतल्या बाईंच्या गर्द निळ्या साडीला अगदी असंच पडलं होतं. तेव्हा साडीच विरलेली होती म्हणून त्यांनी मनाची समजूत घातली. आता कसली समजूत घालणार?

अख्ख्या गल्लीचे कपडे काकूंच्या हाताखालून जायचे. कुणाचं पोट सुटलंय, कुणाच्या घरी झोंबाझोंबी होऊन बटणं तुटलीत, सगळं त्यांना कपड्यावरून कळायचं, पण तोंडातून ब्र निघत नसे. जळकं कापड ओळखण्यात तर त्यांचा हातखंडा. इस्त्रीचा डाग पसरट आणि पिवळट, ठिणगीचं भोक वेडंवाकडं. आणि हे असं गोल, खोल, शेपटीवालं? विडीचं. त्यात त्यांना काडीची शंका नव्हती.

आणि घरात विडीवाला एकच होता. धाकटा दीर.

त्याचं लग्न राहून गेलेलं, तब्येत तोळामासा. दुपारी थोरला भाऊ कामावर असला की हा दुकानाच्या खिडकीशी येऊन बसायचा. खिडकीच्या कट्ट्यावर काकूंचं पाणी शिंपडायचं भांडं असे. गोल, काचेचं. लेकीचे मासे मेले तेव्हा तिनं ते आईला दिलं होतं. जुना तांब्या गळायला लागल्यापासून काकू त्यातच बोटं बुडवून कपड्यांवर पाणी मारायच्या. दीर त्या पाण्यातून रस्ता बघत बसायचा.

"वहिनी, बघा तरी. सगळी गल्ली डोक्यावर चालतेय. वकीलसाहेब पाय वर करून कोर्टात निघालेत."

"तुमचं बरंय भावजी, फुकटचा सिनेमा," काकू इस्त्रीवरची नजर न हलवता म्हणायच्या.

त्या दिवशी मात्र त्यांनी कोट त्याच्या पुढ्यात धरला. "हे काय?"

त्यानं भोकावर करंगळी टेकवली आणि चटका बसल्यासारखी मागे घेतली. "वहिनी, खोकल्यानं बेजार झालो तेव्हाच विडी सोडली मी. तुमच्यादेखत पुडकं फेकलं."

"मग तुमच्या शर्टाच्या खिशात काडेपेटी काय करते?"

"हाताला चाळा लागतो काहीतरी."

"चाळाच तो. आणि लबाडी बघा, पांढऱ्या कपड्यांना ठिपकासुद्धा नाही. काळं-निळंच बघून विझवता, चटकन दिसू नये म्हणून."

संध्याकाळी नवऱ्यानं भोक पाहिलं, बायकोकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं आणि हातपाय धुवायला निघून गेला. दीर जेवला नाही. सकाळी पिशवीत दोन कपडे कोंबून बहिणीकडे निघाला. "येतो वहिनी," म्हणाला. काकूंनी मान वर केली नाही.

पुढे काही दिवस आभाळ भरून होतं. एक कापड जळलं नाही. "बघितलंत?" काकू नवऱ्याला म्हणाल्या. नवऱ्यानं नुसतं हूं केलं.

मग ऊन पडलं. थंडीचे दिवस. एरवी छपरावरच अडणारं ऊन तिरपं होऊन थेट खिडकीत शिरलं. कट्ट्याला लागून असलेल्या स्टुलावर नेहमीसारखा घड्यांचा गठ्ठा होता. त्यावर वाकून काकू कुणाचे कपडे कुठले ते निवडत होत्या. तेवढ्यात करपल्याचा वास आला. त्यांनी इस्त्रीकडे पाहिलं. ती पलीकडे उभी, बंद. मागे पाहिलं. कुणी नाही. मग खाली पाहिलं, तर त्यांच्याच गडद पदरातून धुराचा बारीक दोरा वर चढत होता.

काकू पदर झटकायला गेल्या तर हातावर सुई टोचावी तसा चटका. हाताच्या पाठीवर उजेडाचं टिंब होतं, बघवणार नाही इतकं पांढरं. हात भांड्याजवळ नेला, टिंब विसकटून पसरलं. लांब नेला, तरी पसरलं. मधल्या एकाच जागी ते आवळून यायचं आणि चावायचं. काकूंनी दुसरा तळहात भांड्याच्या आणि उन्हाच्या मध्ये धरला. टिंब विझलं. काढला. पुन्हा पेटलं.

गोल काचेत शिरताना ऊन वाकत होतं, बाहेर पडताना आणखी वाकत होतं. भांडंभर पसरलेलं ऊन पलीकडे वीतभर अंतरावर एका टिंबात गोळा होत होतं. पांढरं कापड ते परतवून लावायचं, काळं सगळंच्या सगळं पिऊन टाकायचं. आणि सूर्य सरकेल तसं टिंबही सरकायचं. तीच ती शेपटी. गल्लीला डोक्यावर चालवणारं भांडं हेच. दीर रोज दाखवत होता, आणि त्या रोज त्याच पाण्यात हात घालत होत्या.

त्यांनी भांड्यातलं पाणी मोरीत ओतलं आणि दुकान उघडं टाकून चालू लागल्या. नणंदेच्या घरापर्यंत काय बोलायचं ते घोकत गेल्या. दार दिरानंच उघडलं. काकूंनी नुसता पदर पुढे केला.

दिरानं भोक पाहिलं. शेपटी पाहिली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला आणि तो एक पाऊल मागे सरला.

"वहिनी, आईशप्पथ, मी इथंच होतो. ताईला विचारा."

काकूंनी उंबऱ्यावरूनच नाही म्हणून मान हलवली. आतून नणंद विचारत होती, कोण आलंय, आत का येत नाही.

"विचारायचं नाही, भावजी," काकू म्हणाल्या. "दाखवायचंय. ऊन आहे तोवर चला."