काचेखालची पट्टी

डिचोलीत आमच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर एका काकीचे तावेर्न, म्हणजे दारूचे छोटे दुकान, होते. तिचे माहेर आणि सासर दोन्ही सावंतवाडीकडचे. नवरा बार्जवर खलाशी होता. मुरगावला खलाशांचा एक क्लब बंद पडला तेव्हा तिथले पिनबॉलचे, म्हणजे गोळी खाली पडू न देता खेळायचे, जुने यंत्र त्याने घरी आणले. तो वारला, यंत्र राहिले. खाणीवरचे ट्रक ड्रायव्हर, बहुतेक तिच्याच मुलखातले, त्या यंत्रासाठी तिच्याकडे येत. फेणी पलीकडच्या तावेर्नातही मिळत होती आणि तिथे आता टीव्ही आला होता.

अशा यंत्राच्या माथ्यावर एक उभी काच असते. तिच्या मागच्या अंगाला चित्र रंगवलेले असते आणि आतले दिवे लागले की ते उजळते. या काचेवर निळे आकाश, एक विमान आणि दात दाखवून हसणारी बाई होती. काचेची खालची कड पत्र्याच्या पन्हळीसारख्या पट्टीत बसवलेली आणि ती पट्टी लाकडाच्या खोबणीत. पट्टी सैल झाली होती. भरलेला ट्रक दारावरून गेला की काच कडकड वाजायची. तशी दुसरी काच कुठे मिळणार नव्हती.

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, होऊन गेली होती, पाऊस ओसरला होता. पावसाळ्यात बंद असलेल्या खाणी सुरू व्हायला आठवडा उरला होता.

"ट्रक सुरू होवच्या आदी कर," काकी म्हणाली. "काच पडली तर माझो धंदो पडलो."

मी एकवीस वर्षांचा होतो. वडिलांनी गोवा मुक्तीच्या काळातली पत्रके ट्रंकेत जपून ठेवली होती. त्यांच्यावरच मी वाचायला शिकलो. आता स्वतःची काढत होतो, ताडपत्री न घालता माती उडवत जाणाऱ्या याच ट्रकांविरुद्ध. केलेली चूक लोकांसमोर कबूल करा, असे मी खाणमालकांना प्रत्येक पत्रकात बजावत असे. काकीलाही एक दिले होते. तिने ते उभ्या उभ्या वाचले.

"ट्रक बंद झाले तर हय खेळतलो कोण? तू?"

"बंद नकोत काकी, झाकून न्या म्हणतोय."

"मग ता मोठ्या अक्षरांनी लिही."

दुसऱ्या दिवशी तावेर्न उघडण्यापूर्वी मी गेलो. काच वर उचलून खोबणीतून काढली, टेबलावर चादर पसरून पालथी ठेवली आणि पट्टी सोडवली. कडेचा जुना गोंद दगडासारखा झाला होता. दुकानात आम्ही सगळे थिनरने पुसायचो. थिनरने काचेला काही होत नाही, एवढाच विचार मी केला. काचेला झालेही नाही. फडक्यावर निळा रंग दिसला तेव्हा हात थांबला. तोवर दोन बोटे रुंद आणि वीतभर लांब आकाश पुसले गेले होते.

काकी आत बांगडे साफ करत होती.

जुनी पट्टी जेमतेम बोटभर झाकत होती. आमच्या दुकानात शोकेसची ॲल्युमिनियमची रुंद पट्टी पडून होती. मी जाऊन ती आणली आणि लावून पाहिली. डाग पूर्ण झाकला गेला. पण ती जाड असल्याने खोबणीत उतरेना, नुसती वर टेकून राहिली. यंत्राच्या पेटीवर थाप मारली तर काच पूर्वीपेक्षा जास्त वाजली.

म्हणजे काच पडली असती, आज ना उद्या. आणि दोष ट्रकांवर गेला असता. गरीब बाईचा धंदा खाणवाल्यांनी बुडवला, असे मी लिहिलेही असते, आणि लोकांना ते पटले असते. हे सगळे मी पट्टी हातात धरून, अगदी शांतपणे विचारात घेतले, हे इथे नोंदवतो.

मग रुंद पट्टी बाजूला ठेवली. सायकलच्या जुन्या ट्यूबची चिंधोटी कापली, ती काचेच्या कडेला धरून जुनी पट्टी वर ठोकून बसवली आणि काच खोबणीत सोडली. दिवे लावले. हसणाऱ्या बाईच्या खाली एक उघडी फट पांढरी लखलखत होती. तिच्यातून आतला दिवा सरळ डोळ्यांत येत होता. मी काकीला हाक मारली.

"ह्या काय?"

"रंग गेला. माझ्या हातून. थिनर लावायला नको होता."

ती वाकून बघू लागली. हाताला बांगड्याचे खवले तसेच होते.

"रेडिओ पण असेच दुरुस्त करतास?"

मी थिनरच्या बाटलीला बूच लावले.

"काच आता थरथरूची नाय मां?"

"नाही थरथरणार."

"पयलो ट्रक येयत तेव्हा हय येऊन उभो रव. मग बघया."

आठवड्याने मी जाऊन उभा राहिलो. ट्रक आला, भरलेला, उघडाच. फळीवरच्या बाटल्या एकमेकींवर वाजल्या. काकीने काचेवर तळहात टेकला होता. दुसरा ट्रक गेला, तिसरा गेला. तिने हात काढला आणि बाटल्या जरा लांब लांब मांडून ठेवल्या.

"जा, दुकान उघड तुझा," ती म्हणाली.

संध्याकाळी पत्रके घेऊन गेलो तेव्हा यंत्राभोवती चारपाच ड्रायव्हर होते. खेळणाऱ्याने डोळे बारीक केले.

"काकी, हयलो रंग खंय गेलो?"

"त्या रेडिओवाल्यान पुसलो. हो बघ, दारात उभो आसा. तू गोळी बघ, गोळी."

तो वळून माझ्याकडे बघेपर्यंत त्याची गोळी खाली गेली होती.