शिवाजी नगरचा पत्ता

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही, आणि ते गेल्यावर तर सांगण्यासारखं कुणी उरलंच नाही. मुलांना सांगणार का? त्यांच्या लेखी आई म्हणजे शिस्तीची, सरळ, आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांना खरं बोलायला शिकवत आलेली. गेला महिनाभर दारावरची बेल वाजली की मी आधी दाराआड उभी राहून कानोसा घेते. बहुतेक वेळा दूधवाला असतो.

तुम्हाला सांगते. पण जरा फिरून येईन — एकदम जमणार नाही.

आम्ही तेव्हा शिवाजी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो आणि मी जवळच्याच प्राथमिक शाळेत शिकवत होते. घरी पोळ्या करायला शेवंताबाई यायच्या. बऱ्हाणपूरकडच्या, विधवा, अक्षरओळख नाही; स्टेशनामागे, रुळांपलीकडच्या वस्तीत भाड्याच्या खोलीत राहायच्या. त्यांची पुष्पा तेव्हा लहान होती. आई पोळ्या लाटायची तोवर ती माझ्याजवळ बसून पाटीवर गिरवायची. पोर हुशार आहे, आपल्या शाळेत घालू या, हे मीच म्हटलं. पण शाळेत आसपासचीच मुलं घ्यायचे. मग काय करायचं? आमच्या इथल्या मराठी लोकांत याला एक सर्रास वाट होती — उज्जैनचा भाचा शिकायला आला की मामाचा क्वार्टर नंबर लागायचा, ग्वाल्हेरची भाची आली की मावशीचा. शाळेच्या नोंदीत पुष्पाच्या नावापुढे मी माझा पत्ता घातला. शेवंताबाईंना विचारलंसुद्धा नाही. त्यांनी मी दाखवलं तिथे अंगठा लावला, आणि त्या दिवशी पोळ्यांवर तुपाचा हात जरा सैलच सोडला. मला फार छान वाटलं होतं. खोटं लिहून इतकं छान वाटावं?

पुढच्याच हिवाळ्यात एका रात्री कीटकनाशकाच्या कारखान्यातून विषारी गॅस सुटला.

आमच्याकडे डोळे चुरचुरले, तेवढंच. रुळांपलीकडची वस्ती मात्र पुरती सापडली. मायलेकी धडपडत, लोकांच्या लोंढ्यातून पळाल्या आणि वाचल्या. पण दोघींची छाती कायमची कामातून गेली. त्यानंतर शेवंताबाई पोळी लाटता लाटता थांबायच्या, भिंतीला टेकून श्वास गोळा करायच्या, मग पुन्हा लाटणं उचलायच्या.

मग नुकसानभरपाई सुरू झाली — इथे सगळे मुआवजाच म्हणतात — आणि त्या रात्री राहायला कुठे होता याचा पुरावा मागू लागले. शेवंताबाईंचं रेशनकार्ड बऱ्हाणपूरला दिराच्या घरी. घरमालकाने भाड्याची पावती कधी दिली नव्हती, आणि तो स्वतः त्या रात्री गेला. उरली शाळा. शाळेतून पुष्पाचा दाखला निघाला, त्यावर पत्ता शिवाजी नगर. तुम्ही तर तिकडे राहत होता, म्हणून त्यांना परत पाठवलं.

त्या माझ्याकडे आल्या. रागावल्या नाहीत — रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या, ताई, तेवढं लिहून द्या की आम्ही रुळांपलीकडे राहत होतो. किती लिहायचं होतं? चार ओळी. पण शाळांची तपासणी होणार, खोट्या नोंदी करणाऱ्यांना घरी बसवणार, अशी कुजबुज चालू होती. खरी होती का? मी कधी चौकशी केली नाही. मला ती खरी असायला हवी होती. मी म्हटलं, बघते. पुन्हा आल्या, पुन्हा म्हटलं, बघते. एकदा तर त्यांचा खोकला जिन्यात ऐकला आणि मी कडी लावून आत बसून राहिले. त्या दारापाशी दम खात थांबल्या होत्या, मला ऐकू येत होतं. मग उतरून गेल्या.

मुआवजा मिळाला नाही. काही वर्षांनी शेवंताबाई गेल्या. माझं नाव त्यांनी कुणापाशी काढलं नाही — लेकीपाशीही नाही. हे मला गेल्या महिन्यात कळलं.

कारण गेल्या महिन्यात पुष्पा आली. आता ती अयोध्या नगरला राहते, शिवणकाम करते. मी आता राहते त्या नेहरू नगरात मला शोधत आली, एकेक जिना थांबत चढून. फुप्फुसं फार बिघडलीत तिची. गॅसपीडितांचं कार्ड मिळालं तर उपचार फुकट होतील, नाहीतर तिच्याच्याने होणारे नाहीत. शाळेत खेपा घालून तिने जुनी नोंद शोधून काढली होती, मोबाइलवर फोटो दाखवला. अक्षर माझंच. तिला ते ओळखू आलं नाही. त्या काळच्या ओळखीच्या माणसाने लिहून दिलं की हा पत्ता खोटा आहे, ही मुलगी रुळांपलीकडे राहायची, तर अर्ज पुढे सरकेल असं तिला कुणीतरी सांगितलं होतं.

आता मला कसली भीती? नोकरी नाही, तपासणी नाही. तरी मनात आलं — खोटा आहे हे तुम्हाला कसं माहीत, असं कुणी विचारलं तर? मुलांच्या कानावर गेलं तर? मी चष्मा पुसत म्हटलं, इतक्या वर्षांचं कुठे आठवतंय गं आता.

तिने मोबाइल पिशवीत ठेवला. माझ्याकडे बघून तिला वाटलं असावं, मी दुखावलेय. म्हणाली, "आईनेच तुम्हाला न विचारता तुमचा पत्ता लिहवला असेल, ताई. गलती झाली तिच्याकडून. तिला माफ करून द्या."

मी म्हटलं, जाऊ दे. केलं माफ.

ती माझ्या पाया पडली, आणि मी पडू दिलं.