एका हातानं निघणारं कव्हर

नवऱ्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून आमची गाडी गॅरेजात उभी आहे. दार बंद असलं तरी धूळ बसतेच. म्हणून शेजारच्यांनी सोनकच्छच्या मंडीतून सोयाबीन झाकायची ताडपत्री आणून दिली. "भाभी, इससे पक्का कुछ नहीं." मी ती गाडीवर घातली, दोरीनं आवळली आणि विसरून गेले.

दसऱ्याला पूजेसाठी सोडली, तर कुबट वास आणि बॉनेटवर पांढरे डाग. पावसाळ्याची ओल आतच कोंडली होती. एरवी पूजा झाली की आम्ही हाटपिपल्याला नृसिंहाच्या दर्शनाला जायचो. गाडी हेच चालवायचे. यंदा मी हार घातला. हे डाव्या हातानं काठी टेकून डागांकडे बघत राहिले.

"विकायची का?" मी विचारलं.

"मी मेलोय का?" जीभ जड झाली आहे, पण टोमणे स्पष्ट येतात. "सुती कव्हर आण, हवा खेळेल असं. आणि एका हातानं निघेल असं बघ. गाडी काढायची म्हटलं की तुला हाका मारत बसू?"

गाडी चालवणं आता विसरा, हे डॉक्टरांनी आम्हा दोघांसमोर सांगितलं होतं. ऐकलं मी एकटीनं.

स्कूटर काढून बाजारात गेले. दुकानदारानं घट्ट इलॅस्टिकचं कव्हर पुढे केलं. "कसके बैठेगा, भाभीजी. धूल का सवाल ही नहीं." मी ते बाहेर उभ्या असलेल्या त्याच्याच गाडीवर घालायला लावलं आणि डाव्या हातानं ओढून पाहिलं. हललं नाही. दुसरं, सुती आणि ढिलं, निघालं.

"एक हाथ से क्यों? आपके तो दोनों सलामत हैं."

"मेरे हैं," मी म्हटलं आणि ढिलं घेतलं. थोडी धूळ शिरेल. शिरू दे.

घरी यांनी भिंतीला टेकून डाव्या हातानं ओढायला सुरुवात केली. आरशापाशी कव्हर अडकलं. मी हात मागे बांधून उभी राहिले. यांनी हिसका दिला, तसं ते खाली आलं. मग दार उघडून स्टिअरिंगपुढे बसले. किल्ली मागितली नाही.

सीटखालचा दांडा चाचपत म्हणाले, "शिकून घे. पुढच्या दसऱ्याला तूच ने. ही सीट पुढे घ्यावी लागेल, तुझे पाय पोचायचे नाहीत."

यांना उतरवून खुर्चीत बसवलं, सीट पुढे सरकवली. मग दोन्ही हातांनी कव्हर परत घातलं.