मागच्या टाकीतलं शेवाळ

मोठ्या टाकीतल्या माशांनी खाणं सोडलं, तेव्हा मालकांनी मला ऑफिसात बोलावलं.

"मिस, पाणी तर काचेसारखं आहे. मग यांना झालंय काय?"

"दिसायला स्वच्छ आहे, मिस्ये. पण नायट्रेट फार वाढलंय." मालकांना आम्ही सगळे मिस्ये म्हणायचो, म्हणजे साहेब.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मॉरिशसच्या उत्तर किनाऱ्यावर एका हॉटेलला लागून खाजगी मत्स्यालय होतं. मी लालमती गावची, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातली. मुंबईत प्राणिशास्त्र शिकून परतले आणि तिथे नोकरीला लागले. टाक्यांचं पाणी सांभाळणं हे माझं काम.

नायट्रेट म्हणजे काय, ते सांगते. मासे टाकीत खातात, टाकीतच घाण करतात. जिवाणू ती घाण कुजवतात आणि शेवटी जे उरतं ते नायट्रेट. त्याला रंग नाही, वास नाही. समुद्रात ते पसरून जातं, टाकीत साचत राहतं. एरवी आम्ही लगूनमधून, म्हणजे प्रवाळाच्या कड्याआतल्या उथळ समुद्रातून, नवं पाणी ओढायचो. पण त्या पावसाळ्यात उसाच्या शेतांतली माती आणि खत वाहून लगूनमध्ये उतरलं होतं. बाहेरचं पाणी आतल्याहून वाईट होतं.

मी मालकांना म्हटलं, "मागे एक रिकामी टाकी आहे. तिथे शेवाळ वाढवू या. मोठ्या टाकीचं पाणी त्यातून फिरवायचं. शेवाळ नायट्रेट खाईल."

"लोक टाकीतलं शेवाळ खरवडून काढतात, आणि तुम्ही वाढवणार?"

"हो. पण वेगळ्या टाकीत. तिथे मासे जाऊन ते खाणार नाहीत."

आज याला रेफ्युजियम म्हणतात. आम्ही नुसतं मागची टाकी म्हणायचो.

शेवाळ आणलं गायतांनं. गायतां आमचा पाणबुड्या. मत्स्यालयातला जवळजवळ प्रत्येक मासा त्यानंच जाळ्यात धरून आणलेला. एक मोठा गोबरा मासा होता. तो वीतभर असताना गायतांनं आणला होता आणि त्याच्याच हातून तो खायचा. गायतांनं कड्याजवळून कॉलेर्पा जातीचं शेवाळ आणलं, नेच्याच्या पानांसारखं, हिरवंगार. वर दिवे लावले. काही आठवड्यांत मासे खायला लागले. दर पंधरवड्याला मी निम्मं शेवाळ छाटून बाहेर फेकायची. खरं काम तेच. शेवाळानं खाल्लेली घाण त्याच्या अंगात असते. ते टाकीबाहेर गेलं, तरच घाण बाहेर गेली.

मग एक फ्रेंच पाहुणीण चुकून मागे आली आणि त्या टाकीपुढे थांबली.

"हे तर पाण्यातलं जंगल आहे," ती मालकांना म्हणाली.

महिन्याभरात मागची टाकी पुढच्या हॉलमध्ये आली. मोठी काच बसली. आत समुद्रघोडे सोडले. मालकांनी मला बजावलं, "आता छाटायचं नाही. पाहुणे दाट जंगल बघायला येतात."

"मिस्ये, हे झाड नाही. याचं अख्खं अंग म्हणजे एकच पेशी. फार दाटलं, जुनं झालं किंवा अंधारात राहिलं, तर ते अंगातलं सगळं पाण्यात ओकतं आणि मरतं. मग सगळी घाण परत माशांकडे."

"आजवर कधी झालंय?"

"नाही."

"मग झालं की बघू."

मी दोनदा पुन्हा विषय काढला. दुसऱ्यांदा ते म्हणाले, "मिस, मत्स्यालय माझं आहे."

पुढच्या उन्हाळ्यात सायक्लोन आला. विजेचे खांब आडवे झाले. हॉटेलचा जनरेटर मत्स्यालयाचे पंप कसेबसे चालवत होता, पण हॉलमधले दिवे बंद. खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. रस्ते मोकळे झाल्यावर मी पोचले आणि तडक मालकांकडे गेले.

"शेवाळाला दिवे द्या. नाहीतर मला ते काढून टाकू द्या."

"माझे पाहुणे मेणबत्तीवर जेवतायत आणि मी शेवाळाला दिवे लावू?"

"मग हॉलमधला व्हॉल्व तरी बंद करते. दोन्ही टाक्या वेगळ्या होतील."

"आणि समुद्रघोड्यांना पाणी कुठून मिळणार? हॉल कुलपात राहील. वीज आज-उद्या येईल."

किल्ली त्यांच्या खिशात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गायतां फाटकाशीच भेटला. "मिस, दिलो ब्लां," एवढंच म्हणाला. पाणी पांढरं.

मोठी टाकी दुधासारखी झाली होती. काचेला नाक लावलं तरी मागचं दिसेना. शेवाळानं पोट रिकामं केलं होतं आणि पाण्यातला ऑक्सिजन संपत चालला होता. लहान मासे तळाशी पडलेले. मोठे वर येऊन तोंड उघडत होते.

"समुद्रात सोडू," मी म्हटलं.

"समुद्र पाहिलात का, मिस?"

पाहिला होता. नद्यांचा गाळ येऊन लगून चहासारखं तपकिरी झालं होतं. पण दुसरी जागा नव्हती. आम्ही ड्रम भरभरून मासे नेले. काही सर्जनमासे पाण्यात पडताच निसटले, ते कुठवर गेले माहीत नाही. फुलपाखरू-मासे तर ड्रममध्येच मेले.

गोबऱ्याला ताडपत्रीत घालून चौघांनी नेलं. गायतां छातीभर पाण्यात उतरला. त्यानं गोबऱ्याला दोन्ही हातांवर धरलं आणि पुढे-मागे चालू लागला, म्हणजे कल्ल्यांतून पाणी जात राहील. बराच वेळ तो चालत होता. कल्ले हलायचे थांबले तरी चालत होता. मी काठावरून हाक मारली.

"गायतां, सोडा आता."

"की पू फेर, मिस," तो म्हणाला. काय करणार. पण सोडलं नाही.

मालक दुपारी आले. टाकी पाहून खुर्चीत बसले. मग म्हणाले, "सायक्लोननं मारले. कुणी विचारलं तर हेच सांगायचं."

मी म्हटलं, "मी नाही सांगणार."

घरी गेले तेव्हा शेजाऱ्यांच्या घरावर पत्रे नव्हते. बाबांचं टोमॅटोचं शेत आडवं पडलेलं. त्या गावात माशांसाठी रडायची मला लाज वाटली. आईनं पान वाढलं. मी भात चिवडत बसले.

मत्स्यालय पुन्हा उघडलं नाही. मासेच नाहीत म्हटल्यावर पाणबुड्या कशाला, म्हणून गायतांला आधी काढलं. तो पुन्हा आठपाय, म्हणजे ऑक्टोपस, धरायला लागला. पुढे कधी बाजारात भेटला तर घरच्यांची चौकशी करायचा, माशांबद्दल कधीच बोलला नाही. मला वर्षभरानं सरकारी नोकरी मिळाली.

तिथे नव्या मुलांना मी पाणी तपासायला शिकवायची. कुणी येऊन म्हणालं, "मॅडम, पाणी साफ झालं," की मी विचारायची, "घाण गेली कुठे?" बहुतेक जण म्हणायचे, "गेली." ते उत्तर मी बरोबर धरत नसे.