नागपूरच्या खिळ्यावर सातपुडा

राज्यांची पुनर्रचना झाली आणि सौंसरच्या आमच्या शाळेतला जुना नकाशा भिंतीवरून उतरला. त्यात नागपूर आणि आमचा जिल्हा एकाच रंगात होते. आता नागपूर दुसऱ्या राज्यात गेलं आणि भिंतीवर नुसता खिळा राहिला. बडे गुरुजी, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, तिथे हिमालयाचं कॅलेंडर लावायला निघाले. मी तिथलाच एक मास्तर. म्हटलं, खिडकीतून सातपुडा दिसतो, त्याचाच फोटो लावू.

"त्या टेकाडाचा? कोन पाह्यते त्याले! आना फोटो. हिमालयापक्षा बरा दिसला तं म्या सोता टांगतो."

मी पहिल्यापासूनच हट्टी. पांढुर्ण्याच्या फोटोवाल्याकडून डबा कॅमेरा मागून आणला. त्याचा धंदा लग्नांचा आणि मयतांचा. डोंगराचं ऐकून तो पोट धरून हसला, पण आठ फोटोंचा रोल भरून दिला. "फोटो झाला का चावी हळू फिरवजा मास्तर. मांगच्या लाल काचेत पुढचा आकडा आला का थांबजा. ते उलटी फिरत नाई."

नाताळच्या सुट्टीत घोंगडी, भाकरी, ठेचा आणि पिशवीभर संत्री घेऊन एकटाच सिल्लेवानीच्या रानात शिरलो. पहिला फोटो घाईत, सूर्य समोर धरूनच काढला. मग चावी धरली. शाळेत रोज मुलांबरोबर टकळीवर सूत काढून माझ्या बोटांना एकच गोष्ट पक्की ठाऊक झाली होती, पीळ देत राहायचं. नजर समोरच्या कड्यावर आणि चिमूट आपली फिरतेच आहे. भानावर आलो तेव्हा लाल काचेत आठ! मधले सहा फोटो कोरेच गुंडाळले गेले होते. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

आता उरला एक. तो वाटेल तिथे खर्चायचा नाही असं ठरवून दोन दिवस नुसता चढत राहिलो. तिसऱ्या सकाळी माथ्यावर पोचलो तर हातभर अंतरावरचंही दिसेना असं धुकं. भाकरी संपलेली, दोनच संत्री शिल्लक. शहाणा माणूस घरी गेला असता, पण जन्मभर ते 'टेकाड' ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती. खडकावर कॅमेरा ठेवला आणि बसलो.

दुपारी धुकं फाटलं. एकामागे एक सहा रांगा, मधे काळीकुट्ट दरी, उतारावर सागाचं रान. मी श्वास रोखून खटका दाबला आणि "निघाला!" असा ओरडलो की झाडावरची वानरं पळाली. इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

फोटोवाल्याने रोल धुतला. पहिला फोटो पांढराफटक, आठवा लख्ख. तो मोठ्या कागदावर छापून देताना तो या खेपेला हसला नाही.

बडे गुरुजींनी फोटो हातात धरून बराच वेळ पाहिला. "कुठला पहाड हाय हा?"

"तुमचं टेकाड, गुरुजी."

 त्यांनी स्टुलावर चढून फोटो स्वतः टांगला. मग खाली उतरले, आपली खुर्ची सरकवून तिच्यामागच्या खिडकीशी गेले आणि दोन्ही पल्ले उघडून उभे राहिले.

"मास्तर," ते म्हणाले, "वीस वर्सं झाली, म्या याच्याकडं पाठ करून भूगोल शिकवून राहिलो."