जिवाणूचा सत्कार

चंद्रपूरच्या एका कॉलेजात मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. अहेरीजवळच्या बांबूच्या मुळांशी असलेल्या मातीतून मी एक जिवाणू वाढवला होता. त्याचा जीनोम बाहेरच्या प्रयोगशाळेतून वाचून आणला आणि संगणकावर तपासला, तेव्हा जनुकांचा एक गट नजरेत भरला. प्रतिजैविकं बनवणाऱ्या जनुकांसारखाच, पण आजवर नोंदलेल्या कुठल्याही गटाशी न जुळणारा. मी हरखले. पेट्री डिशमध्ये मात्र तो जिवाणू ढिम्म. त्याच्या शेजारी रोगजंतू खुशाल वाढत होते.

हे सगळं मी प्राचार्यांना सांगितलं. त्यांनी पहिलं अर्धं ऐकलं.

आठवड्याभरात पेपरात बातमी आली, 'जंगलात सापडलं नवं औषध!' फोटोत प्राचार्य सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेले, आणि त्याची वायर प्लग न लावता लोंबत होती. सत्कारही झाला. प्रमुख पाहुण्यांनी जीनोमला 'जिनम' म्हटलं आणि वाघानंतर आता जिवाणूच जिल्ह्याचं नाव काढणार, असं जाहीर केलं. टाळ्या कडाडल्या. शाल अर्थातच प्राचार्यांच्या खांद्यावर.

मग भद्रावतीहून शिलाईकाम करणारे एक चाचा आले, हातात पेपरची घडी घेऊन. त्यांच्या बायकोच्या पायाची जखम साखरेमुळे भरत नव्हती.

"मॅडम, ते औषध इथीच भेटते ना?"

"नाही चाचा. औषध बनलेलंच नाही अजून. बनेल की नाही, तेही माहीत नाही."

"मग पेपरात काऊन देल्लं?"

मी त्यांना सरळ प्राचार्यांच्या केबिनमध्ये नेलं. तिथे त्यांना चहा मिळाला, "संशोधनाला वेळ लागतो" हे वाक्य मिळालं आणि कॉलेजची रंगीत स्मरणिका मिळाली. चाचा स्मरणिका खुर्चीवरच ठेवून उठले. सरकारी दवाखान्यात कुठे जायचं ते समजावून मी त्यांना ऑटोत बसवलं. पुढे रोजच्या ड्रेसिंगने जखम भरत आल्याचा त्यांचा फोन आला.

शेजाऱ्यामुळे ती गप्प जनुकं जागी होतात का, हे बघायला मी त्या जिवाणूला त्याच मातीतल्या एका बुरशीच्या शेजारी वाढवून पाहिलं. शेवटी त्याने एक पदार्थ बनवला. तपासणीत तो जुनाच, पुस्तकातला निघाला. तोही दुसऱ्याच जनुकांचा. माझा तो जनुकांचा गट अजून गप्पच होता.

"म्हणजे औषध सापडलंच की!" प्राचार्य म्हणाले. "बॅनर लावू."

"सर, त्यावर माझं नाव नको."

माझी एवढी एकच विनंती त्यांनी तत्परतेने मान्य केली.