डालग्याखालची मोटर

तुळजाबाईच्या घरात नळाला हात लावायचा तर आधी पायात चप्पल घालावी लागते. देवापाशी चप्पल चालत नाही, चुलीपाशी चालत नाही, नळापाशी मात्र नसली तर चालत नाही. त्यासाठी निळ्या रबरी चपलांचा एक जोड नळाच्या खड्ड्याशेजारी कायमचा ठेवलेला. मोटर चालू असली की तोटीत करंट उतरतो, हे घरातल्या सगळ्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं, की ते कुणाला सांगावं लागतं हेच घर विसरून गेलं. मांजरसुद्धा तिथल्या ओल्याला वळसा घालून जायचं.

सून आली तेव्हा तृप्तीला सगळं सांगितलं गेलं. सासऱ्याला, म्हणजे भागवतरावाला, जेवताना बोललेलं चालत नाही. नवऱ्याला, म्हणजे कल्याणला, वांग्याची खाज येते. नळाचं तेवढं राहिलं. पोटुशी असताना सातव्या महिन्यात तिनं अनवाणी पायानं तोटी धरली आणि मागच्या मागं जाऊन तुरीच्या पोत्यावर बसली. तुळजाबाई धावली, तिला छातीशी धरलं, मीठ-मोहऱ्या उतरवल्या, आणि मग म्हणाली, "चप्पल घालून धरायची न्हाई का, बाई?"

त्यानंतर तृप्ती बाळंतपणाला मंठ्याला माहेरी गेली ती गेलीच. पोरगा झाला, बारसं झालं, पोरगा पालथा पडायला लागला, तरी ती येईना. "आत्या, नळातला करंट जाऊ द्या अन् पाणी धड होऊ द्या, मंग येते," एवढंच म्हणायची. नातू तुळजाबाईला फोनवर दिसायचा. तिला राहवायचं नाही, ती काचेवरच त्याचा गालगुच्चा घ्यायला जायची आणि फोन कट व्हायचा. घरातला पाळणा धुऊन, तेलपाणी करून टांगलेला; त्यात सध्या लसूण वाळत होता.

आता मोटर काढून टाकली की प्रश्न मिटला, असं कुणालाही वाटेल. पण त्या गल्लीत मोटर काढणं म्हणजे पंगतीत बसून ताट उलटं ठेवणं. नळ येणार आठवड्यातून एकदा, तोही पाणी सोडणाऱ्या वॉलमनच्या मनात आलं तर. पाइप नालीतून गेलेला, त्याचे सांधे ढिले. नळ आले की घरोघरच्या मोटरी एकदम बोंबलायला लागत. ज्याची मोटर दांडगी त्याची टाकी भरायची, बाकीच्यांच्या तोट्या नुसत्या सुस्कारे टाकायच्या. तुळजाबाईची मोटर गल्लीत सगळ्यात दांडगी. समोरच्या उषाबाईनं तिच्या तोडीची आणली, तर हिनं आपली पुन्हा बांधून आणली, तीही जास्त तारेची. करंट तेव्हापासूनच उतरायला लागला. तुळजाबाई म्हणायची, "ताकद म्हणल्यावर थोडी बाहेर येणारच."

नळाला मोटर लावायची बंदी; एकदा मोटरी जप्त करायला माणसं आली होती. गल्लीत धांदल उडाली. तुळजाबाईनं मात्र चालू मोटरीवर कोंबड्या झाकायचं डालगं पालथं घातलं, वर पोतं टाकलं आणि शेजारी भिंतीला पाठ लावून बसली. डालग्यातून घुर्रर्र घुर्रर्र सुरू.

"मावशी, यात काय हाय?"

"कोंबडी अंड्यावर बसलीय."

"कोंबडी एवढी घुमती?"

"खुडूक हाय, साहेब. तुम्ही अंड्यावर बसून पाहा, घुमता का न्हाई."

साहेब हसला आणि पुढच्या घरी गेला. पुढचं घर उषाबाईचं. तिची मोटर त्या दिवशी गेली, आणि तिनं दुसरी आणली तरी तो राग काही गेला नाही.

अशा तुळजाबाईला तपासायला तिचे इवाई, म्हणजे तृप्तीचे वडील संपतराव, स्वतः यायला निघाले. मंठ्याच्या स्टँडजवळ त्यांचं चहा-भज्याचं हॉटेल. दुसऱ्याच्या चहाला चांगलं म्हणायचं नाही, हा त्यांचा धंद्याचा नियम. फोनवर म्हणाले, "इहीणबाई, म्या डोळ्यानं पाहतो. मनाला पटलं तर पोरीला अन् नातवाला घेऊन जा. न्हाई तर लेकरू चालायला लागल्यावर पाहू."

तुळजाबाईनं हिशेब केला. नळ मंगळवारी येऊन गेला होता. तिनं गुरुवार ठरवला. नळ नाही म्हणजे मोटर नाही, मोटर नाही म्हणजे करंट नाही. मोटर डालग्याखाली, डालग्यावर पोतं, आणि या खेपेला पोत्यावर खरोखरची कोंबडी, पायाला सुतळी बांधून. निळ्या चपला तिनं पाळण्यात लसणाखाली दडपल्या.

"बघ बाई," भागवतराव म्हणाला. लग्नापासून तो प्रत्येक गोष्टीला एवढंच म्हणत आला होता.

संपतराव आले ते काखेत पाण्याची बाटली घेऊन. मंठ्याहून भरून आणलेली. इवायाच्या घरी स्वतःचं पाणी! तुळजाबाईच्या टाळूला आग लागली, पण नातवासाठी गिळली.

"आमच्या पाण्यात किडे हाईत का, इवाई?"

"म्या कुठं म्हणलं? डॉक्टरनं सांगितलंय, पाणी बदलायचं न्हाई."

"डॉक्टरनं पायाला पाणी लावायला तरी परवानगी दिली का?"

तिनं त्यांना खुर्चीवर बसवलं. स्टँडवरून चिखलातून आलेले पाय, टाचांना भेगा. तिनं प्लॅस्टिकच्या टपात कोमट पाणी घेतलं, त्यात हळद-मीठ टाकलं आणि त्यांचे पाय आत ठेवायला लावले. संपतरावांनी डोळे मिटले. जरा वेळ तर त्यांना आपण कशासाठी आलो तेही आठवेना. मग आठवलं, तसा त्यांनी खिशातून टेस्टर काढला. वायरमनकडं असतो तसा, आत दिवा लागणारा.

"तोटी कुठंय?"

"ती काय. लावा खुशाल."

हात लांबवून त्यांनी टेस्टर लावला. दिवा लागला नाही. त्यांनी टेस्टर उलटापालटा करून पाहिला.

"बराबर हाय का टेस्टर?" तुळजाबाईनं गरीब आवाजात विचारलं.

आणि तेवढ्यात तोटीनं सुस्कारा टाकला. मग खाकरली. मग गल्लीच्या तोंडापासून आवाज उठला, "नळ आले, नळ आले." कुठंतरी पाइप फुटला म्हणून वॉलमननं गुरुवारीच चावी फिरवली होती.

तुळजाबाईचा हात सवयीनं बटनाकडं गेला आणि अर्ध्यातच थांबला. इवाई पाहत होते. तिनं तोच हात केसांवरून फिरवला, तोटीला साधी नळी लावली. पहिलं पाणी गढूळ असतं, नालीचा वास मारतं. ते सगळी गल्ली सोडून देते. म्हणून तिनं नळीचं दुसरं टोक टपात, इवायाच्या पायांपाशी टाकलं. "पहिलं घाण पाणी पायावर जाऊ द्या. मंग बादली लावते."

टप काठोकाठ आला. तेवढ्यात समोर उषाबाईची मोटर सुरू झाली. पलीकडं दुसरी, तिच्यापुढं तिसरी. इकडं नळीची धार बारीक झाली, मग थांबली. तिची मोटर डालग्याखाली गप बसलेली, वर कोंबडी डोळे मिटून, आणि तिच्या वाट्याचं पाणी समोरच्या टाकीत.

"इहीणबाई," संपतराव म्हणाले, "पाणी उतरायलंय का माझे पाय वर यायलेत?"

तिनं पाहिलं. टपातलं पिवळं पाणी हळूहळू खाली चाललं होतं. घोटे उघडे पडले, मग भेगा. नळीनं तळाशी घटाघटा आवाज केला, एक लांब ढेकर दिला, आणि टप कोरडा झाला. हळदीची कड तेवढी राहिली.

"गेलं कुठं?" संपतराव टपाच्या खाली वाकून पाहायला लागले.

कुठं गेलं ते तुळजाबाईला कळायला क्षणभरही लागला नाही. समोर उषाबाईची मोटर जोरात ओढत होती. पाइपात जे सापडेल ते ओढत होती.

आणि नेमकी त्याच वेळी उषाबाई दारात. हातात घासलेला तांब्या, त्यावर फुलपात्र. गल्लीत पाहुणा आलेला, तुळजीकडं नळाला धार नाही, असला मोका ती सोडणार नव्हती.

"पाहुण्यानं कोरड्या घशानं जावं का, दादा? घ्या. आता नळाचं भरलंय. पहिलं सोडून दिलं, हे एकदम साफ हाय."

संपतरावांनी बाटलीकडं पाहिलं, विहिणीकडं पाहिलं. त्यांच्या मिशीत खट्याळपणा शिरला. "आणा. ह्या घरचं प्यायची हिंमत होत न्हाई, तुमच्या घरचं पितो."

फुलपात्र भरलं. पाण्याला अगदी फिकट, नव्या नवरीच्या हातासारखा रंग होता. तुळजाबाई पाहत राहिली. आयुष्यात तिला इतकं गोड काही मिळालं नव्हतं. एक शब्द न बोलता नुसतं उभं राहायचं होतं. माझ्या घरी बाटली घेऊन येतो काय, पी मग. फुलपात्र वर चाललं. हसू तिच्या ओठांपर्यंत आलंच होतं.

मग तिच्या मनात आलं, ह्याला उद्या हगवण लागली तर? बाप सलाइनवर, पोरगी उशाशी, आणि नातू लग्नाच्या वयाचा होईपर्यंत मंठ्यात. सांगावं तरी नातू गेला, न सांगावं तरी गेला. पण न सांगून ज्या पाण्यानं ह्याचं पोट जाईल, तेच पाणी ते लेकरू इथं आल्यावर पिणार होतं.

"इवाई, थांबा," ती म्हणाली. "ते तुमचेच पाय हाईत."

फुलपात्र मिशीपाशी थांबलं. तिनं टप दाखवला, नळी दाखवली, समोरची मोटर दाखवली. उषाबाईनं तांब्यात डोकावून पाहिलं, वास घेतला, आणि तांब्या लांब धरला.

"हळद टाकल्ती का?"

"मीठबी."

उषाबाईचा चेहरा आधी पिवळा पडला, मग तिला काहीतरी आठवलं. "मंग मागच्या खेपेला नळी सोडलेली माझी बादली अशीच रिकामी झाल्ती ती? म्या म्हणलं फुटली. बोकड धुतल्तं तिच्यात."

"मागच्या खेपेला म्हणजे मंगळवारी?" तुळजाबाईनं विचारलं.

"मंगळवारी."

मंगळवारचं पाणी तुळजाबाईच्या टाकीत होतं. सकाळचा चहा त्याचाच. दुपारचं वरणही त्याचंच. भागवतराव ओसरीवर ताक पीत बसला होता; तो पेला त्यानं खाली ठेवला. "बघ बाई"ही म्हणाला नाही.

उषाबाई धावत गेली आणि तिनं मोटर बंद केली. गल्लीभर बातमी जायला तेवढा वेळही लागला नाही. मंठ्याच्या माणसाचे पाय सगळ्यांच्या टाकीत गेलेत, हे ऐकून दोन मोटरी थांबल्या, एक घोंघावतच राहिली. ज्यांच्या थांबल्या ते संपतरावांचे पाय पाहायला आले. संपतरावांनी ते खुर्चीवर आखडून घेतले.

"आता तुमची मोटर दाखवा," गर्दी गेल्यावर ते म्हणाले.

"मोटर कुठंय? इकली."

"कोंबडीखाली काय हाय?"

"अंडी."

संपतरावांनी डालगं उचललं. मोटर पाहिली, बटन दाबलं, तोटीला टेस्टर लावला. दिवा लखलखीत लागला.

"एवढुसा तर हाय," तुळजाबाई म्हणाली.

"लेकरू बी एवढुसंच हाय, इहीणबाई."

तुळजाबाई आपली पदराचं टोक चावत राहिली. मग संपतरावांनी सौदा सांगितला. मोटर मंठ्याला माझ्या घरी राहील. इथं नळाचं जे येईल ते येईल, प्यायचं पाणी उकळायचं, कमी पडलं तर हापशाचं आणायचं, तेही उकळायचं. नातू इकडं, मोटर तिकडं.

"अन् उषीनं पुन्हा बटन दाबलं तर? माझी टाकी कोरडी राहील."

"राहील."

"तुम्हाला काय जातंय राहील म्हणायला. लई कोरडा माणूस तुम्ही."

"आता कोरडाच. पाय तर कवाच पुसले."

रविवारी तुळजाबाई निघाली. मोटर तिनं स्वतः सोडवली, आतलं पाणी निथळवलं, धडुत्यानं पुसली, गोणीत घातली. कल्याण म्हणाला, मी मोटारसायकलवर नेतो. ती म्हणाली, नको, ज्याचं त्यानं द्यावं. इवायाला तिनं फोनवर बजावून ठेवलं होतं: एका हातानं मोटर देणार, दुसऱ्या हातानं पोरगं घेणार, आधी नाही अन् नंतर नाही.

एसटीत ती अर्ध्या तिकिटावर खिडकीपाशी बसली, गोणी मांडीवर घेऊन. मांड्यांना रग लागली तरी तिनं ती खाली ठेवली नाही. कंडक्टरनं येता-जाता गोणीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"मावशी, काय हाय हे? लई जड दिसायलंय. लगेज लागंल."

"बाळंतविडा हाय."

"लोखंडाचा?"

"माझा नातू," तुळजाबाई गोणी पोटाशी ओढत म्हणाली, "लई दणकट हाय."